प्रकरण चौथे: उरलेले सहा टक्के

राष्ट्रीय ब्रॉडबँड धोरणाचं चौथं प्रकरण माझं आहे.
मासेरूत, तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय लावून
मी लिहिलं: चौऱ्याण्णव टक्के.
उरलेल्या सहांसाठी नकाशात रंगच शिल्लक नव्हता,
म्हणून ते कागदाच्याच रंगाचे राहिले.

सचिव म्हणाले, एकदा बघून तरी ये.

जूनचा बर्फ. गाडी खिंडीपर्यंत, पुढे तट्टू
आणि माझे शहरी बूट.
हा-सेफुलाना: बावीस घरं, गवताने विणलेल्या ज्वारीच्या कणग्या,
आणि गावाच्या डोक्यावर एक सपाट दगड
जिथे सिग्नलची एक काडी येते,
वारा पडला तर दोन.
बुडत्याला असतो तेवढाच आधार.

दगडावर टोपली. टोपलीत अंगोरा शेळ्यांच्या लोकरीत
अख्ख्या गावाचे सोळा फोन, उबवायला ठेवल्यासारखे.
शेजारी सेखोबे, वय बारा.
शेळ्याही राखतो, फोनही.

त्याला वाचता येत नाही.
पण कुठला फोन कशासाठी थरथरला, ते पाठ करूनही सांगतो:
हा मातुमेलोचा. मुलगा खाणीतून पैसे पाठवतो तेव्हा
दोनदा, मध्ये थांबून,
जसं कुणी उंबऱ्याशी येऊन खाकरावं.
हा रालेबित्सोचा, लांबलचक, थांबतच नाही.
कर्जवाले.
संध्याकाळी घोंगडीत बांधून तो सगळं खाली आणतो,
दारोदार पोचवतो.
फोनमागे आठवड्याला एक लोटी.

मी वहीत गुणाकार केला.
'डिजिटल अर्थव्यवस्था' हे शब्द मी त्या मसुद्यात
दोनशे अकरा वेळा टाइप केलेत,
आणि ती इथे घोंगडी पांघरून
बाहीला नाक पुसत बसली होती.

मी समजावलं: केबल येणार. काचेची, केसाएवढी.
आतून उजेड धावतो.
"खरा उजेड?"
खरा.
"मग रात्री शेळी हरवली तर दिसेल?"
(काळ्या कानाची एक, रविवारपासून नव्हती.)
नाही रे, तसला नाही.
मातुमेलोने ज्वारीच्या बिअरचा डबा माझ्याकडे सरकवला.
"एकशे बारा पानं लिहिलीस, मुली,
मग काय उजेड पाडलास?"

सगळे हसले. मीही.
सेखोबे हसला नाही, तो बोटं मोजत होता.
"घरोघरी काड्या आल्या, तर टोपली कशाला लागेल?"

माझ्याजवळ कौशल्यविकासाचं परिशिष्ट होतं.
अठरा वर्षांवरील युवकांसाठी.
मी ते पिशवीतून काढलं नाही.
बुटात बर्फ शिरला होता;
कारण म्हणून हे पुरेसं नाही, पण शिरला होता.

परत मासेरू. हीटर. प्रुफं.
रोजगारनिर्मितीच्या तक्त्यात मी तळाशी लिहिलं: उणे एक.
छपाईची चूक समजून कुणीतरी लाल शाईने खोडलं.
मी पुन्हा लिहिलं नाही, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी टेबलावर फोन थरथरला.
डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मातुमेलो होती.
"शेळी सापडली. आज बुधवार."

मधले दोन दिवस वर वारा असणार.