एकशे चाळीस किलोमीटर

दिघोरी नाक्यापासून भिवापूरचं ग्रामीण रुग्णालय सत्तर,
परत सत्तर.
पगाराच्या पावतीमागे हिशोब मांडला
आणि रविवारी कामठी रोडला गेले, जुनी गाडी बघायला.

हेमनदासच्या शेडखाली अठरा गाड्या,
पाणी मारून उभ्या, लग्नाला निघाल्यागत.
"मॅडम, ये देखो. डॉक्टर की गाडी है."
पांढरी वॅगनआर डॉक्टरची,
लाल अल्टो डॉक्टरची,
कोपऱ्यातली सॅन्ट्रो, जिचा बंपर तारेनं बांधलेला,
तीसुद्धा डॉक्टरची, "बच्चों के."
बाप्पा, एवढे डॉक्टर या शहरात!
आमच्याकडे दीड वर्षापासून
एका दारावर नुसती पाटी आहे,
आत खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर धूळ.
औषधांच्या खिडकीत मी असते,
लोक मलाच जीभ दाखवतात.

सवयीनं मी तारखा वाचते.
गोळ्यांच्या पट्टीवर असते तशी टायरवरही असते,
बारीक, चार आकडी: आठवडा आणि साल.
अल्टोचे चारही टायर वेगवेगळ्या जन्माचे.
मीटर म्हणे एकेचाळीस हजार
आणि क्लचच्या पेडलचं रबर
झिजून झिजून साबणाच्या चिपटीएवढं.
उरकुडे मिस्त्रींनी डिपस्टिक ओढली,
तेल बोटावर घेतलं, हुंगलं,
नि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले,
"ताई, चहा पिऊ."

असे चार रविवार.
एसी लावा म्हटलं की नवतप्याची झळ तोंडावर,
"बस, गॅस भरना पडेगा."
भाऊजी म्हणाले, उमरेडपर्यंत कोळशाचे ट्रक असतात,
मोठी घे, उंच घे.
मोठी त्यांना घ्यायची होती, पैसे माझे होते.

पाचव्या रविवारी मनीषनगरात, गाडी झाडाखाली.
कुंदा घाटोळे, कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअर्सला होत्या,
आता रिटायर.
एक लाख एकतीस हजार, न लपवता.
"दुसऱ्या गिअरला जरा समजून घ्या लागते," त्या म्हणाल्या.
"आणि पावसात डावा वायपर रडते."
एक वही दाखवली,
अकरा वर्षांचं पेट्रोल, निळ्या शाईत,
लिटर, रुपये, मीटरचा आकडा.
मध्येच एका ओळीत आकडाच नव्हता,
फक्त: मानकापूर सिग्नल. रडले.
त्यांनी पान उलटलं. मीही बघितलं नाही असं केलं.

मग आत बसले.
सीटखालच्या दांडीला हात घातला, पुढे ओढायला,
प्रत्येक गाडीत ओढावी लागते,
आधी बसलेला कायम कोणीतरी लांब पायाचा.
इथं ओढावी लागली नाही.
पाय पोचले.
आरशात आकाश नाही, मागचा रस्ता दिसला,
आणि रस्त्यावर उभ्या त्या,
पदर खांद्यावर घट्ट घेऊन.

उरकुडे बॉनेट लावत म्हणाले, "चाललेली आहे."
चांगलं म्हणून म्हणाले का वाईट, ते कळलं नाही.
पण चहाचं नाव काढलं नाही.

दाराच्या बिजागरीत कोराडीची राख आहे, करडी,
कितीही धुवा, निघत नाही.
राहू द्या म्हटलं.
मिरचीच्या हंगामात तिच्यावर भिवापूरचं लाल बसेल,
मग शिंका दोन्ही गावच्या.

वही मात्र त्यांनी दिली नाही.
मी सक्करदऱ्याच्या दुकानातून दुसरी घेतली,
दोनशे पानी,
आणि पंपावर पहिल्या ओळीत लिहिलं:
एक लाख एकतीस हजार दोनशे आठ.