कागद नको

उद्यमनगरच्या कोपऱ्यावर माझं मेडिकल.
एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला चहाचा गाडा,
आणि काउंटरखाली, हाताला लागेल असा,
चौकोनी कापलेल्या रद्दीचा गठ्ठा.
एकतीस वर्षं हा गठ्ठा मी कापतोय.

पूर्वी त्या पाकिटाला नाव नव्हतं.
'अण्णा, ते द्या,' आणि नजर माझ्या खांद्यावरून
मागच्या ग्राइप वॉटरच्या बाटल्यांवर.
काही जण नुसतेच थांबायचे
गिऱ्हाईक सरेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या निवडत.
मी तरी कुठं शहाणा?
पाकीट कागदात, कागद पिशवीत, पिशवीला गाठ,
आणि पैसे मोजताना मान खाली,
जसं दोघांनी मिळून कुणाचं तरी काही चोरलंय.

सर्जेरावही असाच थांबला होता.
शिरोलीहून कास्टिंग भरून सुरतेला गाडी न्यायचा.
आमच्याच तालमीतला.
त्याच्या पाठीला तांबडी माती मी चोळलेली.
त्या दिवशी गल्ल्यावर माझे वडील होते.
त्याला काय पाहिजे ते मला कळलं होतं.
मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.
शेवटी म्हणाला, 'क्रोसिन दे दोन.'
मी दिल्या.
सुट्टे पैसेसुद्धा परत दिले.

पाच-सहा वर्षांनी टीबीनं गेला म्हणाले.
मागोमाग त्याची अक्काताई, तीही टीबीनंच.
त्या काळात आमच्याकडं टीबीनं फार माणसं गेली.
सीपीआरला डबा दारात ठेवून
माघारी फिरणारे सख्खे भाऊ मी बघितलेत.
मी गेलो होतो ना भेटायला.
दारापर्यंत.

ते नाव माझ्या दुकानात मोठ्यानं पहिल्यांदा घेतलं
ते यल्लव्वानं. धंद्यावरची बाई.
भर दुपारी, चार माणसांत:
'कंडोम द्या. डबाच द्या.'
मी कागद काढला तर म्हणाली,
'लाज तुझ्याकडंच ठेव, अण्णा. मला घरी पोरगी हाय.'
भिंतीवरची रंगवलेली अक्षरं, कॉलेजातली भाषणं
हे सगळं नंतर आलं.
आधी ती आली.

परवा दोघं आली, मोपेडवरून.
पोराचा चेहरा हेल्मेटातच.
पोरगी बोलत होती, त्याच्याशी, मला ऐकू जाईल असं:
'रिपोर्ट दोघांचे आल्याशिवाय मी नाही म्हटलंय.
आणि आल्यावरसुद्धा हे लागणारच. वाद नको.'
तो म्हणाला, 'बरं बाई.'
पैसे तिनंच दिले. काउंटरवरचा डबा खणखणीत ओरडला:
'नव्वद रुपये मिळाले!'
लेथवालासुद्धा वळून बघायला लागला.
ती हसली. फोनवर तिचं नाव आलं,
वैदेही चौगुले.
मी सवयीनं कागद उचलला.
'कागद नको, काका.'

समुपदेशनाच्या खोलीतल्या कांबळे मॅडम
बीपीच्या गोळ्या न्यायला येतात.
म्हणाल्या, 'पूर्वी दिवसाला रुमाल भिजायचा.
आता आठवडा जातो, तेव्हा कुठं एखादा निघतो.
आणि तोही मरत नाही, रोजची गोळी घेतो,
मला लग्नाची पत्रिका आणून देतो.'
मी म्हणालो, 'म्हणजे संपलं म्हणायचं.'
त्या पिशवीची चेन लावत म्हणाल्या,
'म्हणू नका. म्हटलं की परत येतं.'

काल संध्याकाळी एक पोरगं आलं.
अठरा-एकोणीसचं, हाताला फाउंड्रीची काजळी.
मागं दोन बायका, म्हणून बाजूला सरकलं.
खोकल्याच्या गोळ्यांची बरणी फिरवत राहिलं.
बायका गेल्या. तरी बोलेना.
मग म्हणालं, 'क्रोसिन द्या दोन.'

'ताप आहे?'
'नाही.'

लेथ थांबलं होतं. चहावाला कप विसळत होता.
या वेळी माझी मान वर होती, पण हात,
खरं सांगतो, हात अजून
गठ्ठ्यावरच होता.

'मग रे?' मी विचारलं.