निळे दिवे

गंगावेशीत इंगवल्यांच्या खानावळीत
धाकट्यानं परवा निळे दिवे लावले.
म्हणाला, फोटो झकास येतात.

पहिल्याच पंगतीला तांबडा रस्सा
काळा पडला, दौत कलंडल्यागत.
वरची तर्री
ट्रकखाली सांडलेलं ऑइल.
आणि पांढरा?
पांढरा आजारी माणसाच्या नखांसारखा.

तालमीतला दिलावर शिकलगार,
एरवी दहा वाट्या कमी पडतात त्याला,
वाटीत बोट बुडवून बघत राहिला.
'कालचं हाय काय रं?'

मी वाढपी. अकरा वर्षं
मला वाटायचं, माणसं जिभेनं जेवतात.

आत आक्काताईंनी ऐकलं, तिखट वाढवलं.
अजून वाढवलं.
बाहेर ते आणखी काळंच झालं.
घाम फुटला लोकांना, भूक नाही.

वाट्या परत नेताना
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकलो.
आतला जुना पिवळा बल्ब वाटीत पडला
आणि रस्सा निम्मा काळा, निम्मा तांबडा.
पाऊल पुढं टाकलं. सगळा तांबडा.
मागं घेतलं. शाई.
असं चारदा केलं.
मग उष्टं कुणाचं हे न बघता
वाटी तोंडाला लावली.
ठसका लागला. तोच रस्सा.

दिलावर ताट घेऊन आत आला,
कांद्याच्या पोत्याला टेकून बसला.
त्याच्यामागं एसटीचे दोन कंडक्टर.
आक्काताईंनी बसायला पाट दिले नाहीत,
पातेलंच पुढं सरकवलं.

बाहेर रिकाम्या बाकांचे
फोटो झकास येत होते.