प्रश्न क्रमांक सतरा

तार्तूहून बस सुटली तेव्हा साडेतीन वाजले होते
आणि अंधार पडून चुकला होता.
पिशवीत रेकॉर्डर, चाळीस प्रश्नांची यादी,
संमतिपत्राच्या दोन प्रती
आणि विभागाच्या खर्चातून घेतलेला चॉकलेटचा डबा.
रिकाम्या हातांनी आलेल्याशी म्हातारी माणसं मोकळी होत नाहीत,
असं हेल्मे सर म्हणतात.
हे त्यांनी कुठे छापलेलं नाही.

लेइदा क्योइव्ह, वय एक्क्याऐंशी, राहणार व्होरूजवळ.
चूल पेटलेली. खुर्चीत मांजर.
मी स्टुलावर.

मी वाचलं:
बोलणाऱ्या यंत्रावर तुमचा किती विश्वास आहे?
एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे पूर्ण.
कोण विचारतंय? ती म्हणाली.
मी म्हटलं, मी.
छे, तू तर नुसती वाचतेयस.

प्रश्न नऊ: यंत्राचा उल्लेख तुम्ही कसा करता?
हा प्रश्न परदेशातून आलेला,
जिथलं व्याकरण प्रत्येकाला
दारातच विचारतं, तो की ती.
आमच्याकडे तो नाही, ती नाही.
जे श्वास घेतं त्याला एक शब्द,
दगडाधोंड्याला दुसरा.
बास, एवढाच भेदभाव.
ती गप्प झाली. रेकॉर्डरवर चौदा सेकंद.
चुलीत ओलं लाकूड तेवढं बोलत होतं.
मग म्हणाली:
नुसत्या आवाजाला श्वास असतो का गं?
माझ्याकडे या उत्तरासाठी चौकोन नव्हता.

आणि मग सतरा.
भविष्यात यंत्रं माणसांची जागा घेतील, असं तुम्हाला वाटतं का?
आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही.
उद्या आहे, परवा आहे, क्रियापद मात्र आजचंच.
उद्या बर्फ पडतो.
पुढल्या वर्षी मी मरते.
असंच बोलतो आम्ही, आणि अडत नाही.
त्यामुळे भाषांतर होऊन प्रश्न तिच्या कानी गेला तो असा:
यंत्रं माणसांची जागा घेतात का?

घेतात की, ती लगेच म्हणाली.
ब्याऐंशी साली घेतली.

बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
समोर दोनशे भोकं, हातांत दोऱ्या,
कानाला अख्खा तालुका.
कोणाची गाय आटली, कोणाचं लग्न मोडलं,
सगळं माझ्या बोटांतून जायचं, आणि मी ऐकलेलं नसायचं.
लोक विचारायचे, बाई, तुम्ही खऱ्या आहात ना?
रात्रपाळीला दूध केंद्रावरून एकजण फोन करायचा.
जोडून कुठेच नको असायचा.
किती वाजले, एवढंच.
मी सांगायचे. तो म्हणायचा, बरं.
मग कपाटाएवढी करडी पेटी आली.
ती वेळ सांगायची, सेकंदासकट, आणि कधी चुकली नाही.
त्याने नंतर फोन केला की नाही, मला कसं कळणार?
मी घरी होते.

भीती वाटली? राग? उदासी? तटस्थ?
मी पर्याय वाचत गेले,
स्टेशनांची नावं वाचावीत तशी.
पाय दुखायचे थांबले, ती म्हणाली.
हे लिही.

निघताना दारात तिने विचारलं, किती वाजले?
तिच्या डोक्यावरच भिंतीवर घड्याळ होतं, चालू.
मी मोबाइल काढला, पाहिलं, सांगितलं.
बरं, ती म्हणाली.

प्रयोगशाळेत नियम आहे,
तीन सेकंदांवरचं मौन कापून टाकायचं.
आकडेवारीला ते नको असतं.
सतरासमोर मी चार लिहिला,
मधला आकडा, ज्याबद्दल कोणी काही विचारत नाही.
चौदा सेकंद मात्र कापून
टाकून दिले नाहीत.
वेगळ्या फाइलीत आहेत.
फाइलला नाव मागतोय संगणक,
केव्हाचा.