वारा कुणाचा

तिसऱ्या मजल्यावर जमीन नसते.
फरशी असते, फरशीखाली कुणाचं तरी छत,
छताला पंखा, पंख्याखाली उशिरा न्याहारी करणारी माणसं.
या सगळ्यावर मी अनवाणी उभी राहते
आणि नारळाचं तेल तळहातात कोमट करते.

आज दुपारचे पाहुणे सुराबायाचे. सिमेंटचे व्यापारी.
बूट काढताना म्हणाले, "खांदा धरलाय फक्त."
उजव्या फऱ्याखाली अंगठा रुतवला
तर गाठ नव्हती तिथे.
नुसती गार जागा, बशीएवढी,
विहिरीच्या आतल्या दगडासारखी.
तिथून ते चढलं.
आधी मनगट, मग कोपर,
मग जिभेखाली आंबट पाणी.

बांतुलला, मातीच्या अंगणात, हे सोपं होतं.
म्बोक वागियेम माणसाच्या पाठीवर ओणवी होई
आणि ढेकर देई. एक, दोन, लांबलचक तिसरा,
बिनतेलाच्या रहाटासारखा.
खाली निजलेला माणूस खूश:
वारा निघाला, पैसे वसूल.
शेजारची पोरं कुंपणाबाहेरून मोजत.
काम झालं की मिठाच्या पाण्यात ती कोपरापर्यंत हात बुडवी,
मग तळहात जमिनीला लावून बसे थोडा वेळ,
तापलेलं पातेलं आपण खाली ठेवतो तसे.

हॉटेलच्या नियमपत्रकातलं सातवं कलम:
पाहुण्यांसमोर शिंक, खोकला, ढेकर वर्ज्य.
आठवं कलम: स्मित.

मी दात मिटले, स्मित केलं.
ते पालथे होते, त्यांना दिसलं नाही.
बरगड्यांत वारा फिरत राहिला,
झाकण दाबून धरलेल्या उकळीसारखा.
वेळ संपली. सदऱ्याची बटणं लावता लावता
ते थांबले, म्हणाले, "माझा मुलगा पण इथेच..."
आणि राहिलेली दोन बटणं लावली.

नोकरांच्या जिन्यानं मी खाली.
स्कूटरींच्या मागे हातभर माती आहे,
तीत चाफा, सिगारेटची थोटकं, एक फुटकी कुंडी.
चपला काढून उभी राहिले.
ढेकर आला नाही. ओकारी आली.

रात्री म्बोकला सांगितलं. वाटलं, म्हणेल,
परक्याचं दुःख अंगावर घेतलंस;
एखादा मंत्र देईल, निदान मीठ.
ती लसूण सोलत होती.
"सकाळपासून काय खाल्लंस, रिन्तेन?"
"कॉफी."
"मग दुःखाला कशाला नावं ठेवतेस?
रिकाम्या मडक्यात कुणाचाही वारा घुमतो."

भात वाढला, वर टेम्पेचे चार तुकडे, मिरची.
मी खात असतानाच म्हणाली, "ऊठ. उभी कशी होतीस दाखव."
दाखवलं.
तिनं गुडघ्याच्या मागे चापट मारली.
"खांद्यानं दाबतेस. मग खांदा आजारी पडणारच.
टाचेनं दाब.
तिसरा मजला असो की तेरावा,
टाचेखाली जे आहे
ते कशावर तरी उभं असतंच."

हात धुऊन आले
तर ती चटईवर पालथी झालेली.
इतक्या वर्षांत तिनं मला पाठ कधी दिली नव्हती.
मणके मोजता येतील इतकी वाळलेली पाठ,
आणि उजव्या फऱ्याखाली
गार जागा. बशीएवढी.
मी विचारलं नाही.
टाच रोवली. अंगठा ठेवला. थांबले.

मग तो आला, पोटाच्या पार तळातून,
लाजबीज न बाळगता, लांबलचक.
कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "एक!"

म्बोक उशीत तोंड खुपसून हसत होती.
"हा कुणाचा गं? त्या सिमेंटवाल्याचा, का माझा?"

मी म्हटलं, "टेम्पेचा."