अणुस्कुऱ्याची रुंदी

जैतापुरात रजब सोलकरांच्या मांडवात
खडूने जमिनीवर होडी काढलीय.
रुंदी समुद्राने नाही ठरवली,
अणुस्कुऱ्याच्या वळणांनी ठरवली:
गाडीमागे ओढत न्यायचीय म्हणे, कोल्हापूरला.

डोलकाठी आडवी पडणारी, विजेच्या तारांखातर.
पठाणाच्या खाचेत वर ओढायची पाती.
"पाय पोटाशी घेऊन झोपणारी होडी,"
रजबभाई पुटपुटतात
आणि बिजागरी पुन्हा घासतात.

झोपायला जागा किती?
बिल्कीस खडूच्या रेषेत आडवी झाली,
टाचा नाळेकडे.
कूस बदलली. कोपर रेषेबाहेर.

"चार बोटं वाढवा."

"आणि घाट?"

"घाट एकदाचा. रात्री चढू देत, गाड्या कमी असतात.
कूस रोज बदलायची."

त्यांनी तळव्याने रेषा पुसली,
नवी ओढली,
खडू कानामागे खोचला, पेन्सिल असल्यासारखा.