काटेवाल्याची वही

मी सोसायटीचा काटेवाला. तेवीस हंगाम
किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर पोती तोलली.
वहीत रकाने तीन : नाव, कॉफी, शिलिंग.
चौथा आखायला कुणी सांगितलं नाही
आणि मला सुचला नाही.

ऐकांदेचं पोतं दरसाल हलकं.
का, ते बघायला एकदा तिच्या बागेत शिरलो
तर आधी आभाळच सापडेना.
वर जुनी उंच झाडं,
फांद्यांना टांगलेले मधमाश्यांचे पोकळ ओंडके,
त्याखाली केळी :
भाजायची, शिजवायची, दारूची, बाळंतिणीची;
केळींच्या काखेत कॉफी,
कॉफीच्या पायाशी अळू, घेवडा,
आणि कोनफळाचा वेल,
हाताला लागेल त्याला धरून वर निघालेला.
कोपऱ्यात गोठा. गाय बाहेर पडतच नाही,
उभ्याउभ्या केळीचा गाभा चघळते
आणि तिचं शेण पुन्हा केळीच्याच बुडाशी.

मी म्हणालो, बाई, हा नुसता गोंधळ आहे.
ती म्हणाली, हो, बाजार भरलाय. बस.

न्देकिर्वाला, तिच्या शेजाऱ्याला, मात्र माझं पटलं.
कागदावर सगळं पटण्यासारखंच होतं :
सावली काढा, ओळी धरा, ऊन खेळू द्या.
दोन दिवसांत त्यानं एकशे चाळीस केळी आडव्या केल्या.
तिसऱ्या दिवशीही बुंध्यांतून पाणी निथळत होतं.
चारा संपला, म्हणून गाय विकली.
गायीबरोबर खत गेलं,
ते मग गोणीत बसून, पैसे मागत, परत आलं.

पहिली दोन वर्षं काट्याची सुई
कधी नव्हे तिथवर गेली.
मी त्याचं नाव लाल शाईनं लिहिलं.
त्यानं घराला नवे पत्रे घातले,
मला कोंबडा खाऊ घातला, विकतचा.
केळीही विकतचीच होती.
मी खाल्ली.

तिसऱ्या वर्षी हिरव्या फळांवर काळे डाग आले,
आधी नखाएवढे.
ओळीतून ओळीत सरळ चालत गेले,
वाट मीच आखून दिली होती.
फवारणी झाली. फवारणीवर फवारणी झाली.
त्याच साली कुठल्याशा दूरच्या शहरात
कॉफीचा दर निम्म्यावर आला.
त्या शहराचं नावही मला माहीत नाही.

डाग ऐकांदेकडेही आले, खोटं कशाला सांगू;
तिचीही निम्मी कॉफी गळाली.
पण त्या संध्याकाळी तिच्या चुलीवर
मटणात कच्च्या केळ्यांचं दाट कालवण रटरटत होतं
आणि उंबऱ्यात बसून पोरगी
शाळेच्या फीचे पैसे मोजत होती. घेवड्याचे.
"यंदा कॉफी रुसली," ऐकांदे म्हणाली,
नऊ जावांतली एक माहेरी गेल्यावर
घरातल्या बाकीच्या म्हणतात, तशी.

मी वही उघडली. पोतं : अर्धं.
काटा खरं बोलत होता.
तेवढंच बोलत होता.

आमच्याकडे चूक कबूल करायची तर
कुंपणावरच्या इसालेचं पान खुडतात,
गाठ मारतात, आणि घेऊन जातात.
पान आणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.
मी एक खुडलं. तीन दिवस खिशात ठेवलं.
चौथ्या दिवशी दुसरं खुडलं, आणि गेलो.

न्देकिर्वाच्या कुंपणाला भगदाड पडलं होतं.
त्यातून ऐकांदे केळीचे मुनवे देत होती,
एकेक, कंदाची माती न झटकता,
आणि तो कॉफीच्या मधेमधे खड्डे घेत होता.
किती दिले? मी विचारलं, सवयीनं.
तिनं मोजले नव्हते.

त्यानं पान घेतलं, बघितलं, टोपीत खोचलं,
आणि काही न बोलता कुदळ माझ्या हातात दिली.
कुठे खणू? मी विचारलं.
"कुठेही," तो म्हणाला,
"फक्त ओळीत नको."